दिनविशेष : ५ जुलै
रहस्यकथांचे बादशहा बाबूराव अर्नाळकर

१९९६ : रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर यांचे निधन. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६. एक हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. गुन्ह्याचा माग काढणारे धनंजय-छोटू, धाडसी झुंजार आणि वेषांतर करून अन्यायाला वाचा फोडणारा काळापहाड या त्यांच्या नायकांनी वाचकांना अक्षरशः वेड लावले. सुटसुटीत वाक्ये, वेगवान कथानक आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा यामुळे पुस्तक हातावेगळे केल्याशिवाय चैन पडत नसे. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. पण सामान्य माणसाला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. ग्रंथालयांनी त्यांची जुनी पुस्तके जपावीत, हीच खरी आदरांजली.