लहरींचा मक्ता

मक्ता हा शब्द भिवंडीकरांस नवा नाही. २००७ च्या जानेवारीत येथील वीजवाटप निविदेने टोरंट कंपनीकडे गेले. मागांची खडखड तीच राहिली, बिल घेणारा बदलला. तारा, खांब, रोहित्रे यांचा मक्ता समजतो. न दिसणाऱ्या आकाशलहरींचा कसा द्यावा?

त्या जनतेच्या मालकीच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले होते. तरी २००८ च्या जानेवारीत सरकारने नवे दूरध्वनी परवाने ‘आधी येईल त्याला’ या न्यायाने वाटले, तेही २००१ च्या भावाने. सात वर्षांपूर्वीच्या भावाने आपल्या बाजारात सूतसुद्धा कोणी देत नाही! २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलाव मांडला, तेव्हा ३४ दिवसांत १८३ फेऱ्या होऊन सुमारे ६७,७०० कोटी रुपये आले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने २००८ चे १२२ परवाने रद्द केले. (फौजदारी खटल्यातील आरोपी मात्र २०१७ मध्ये विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, हेही सांगितले पाहिजे.)

चढी बोली अखेर ग्राहकाच्याच माथी येते, हा आक्षेप आम्हांस पुरता पटत नाही. दर ठरतो तो मुख्यतः कंपन्यांच्या चढाओढीने. पण ती चढाओढ करणाऱ्या कंपन्याच आज मोजक्या उरल्या आहेत.