सांध्यातली फट

कुर्ल्याला रुळांलगतच्या चाळीत मी वाढलो. लोकलचा ‘खटक-खटक’ आवाज चाकांचा, अशीच माझी समजूत होती. रेल्वेची जुनी पुस्तके चाळू लागल्यावर कळले, त्याचे मूळ फटीत होते. आपल्याकडचा रूळ साधारण १३ मीटरचा. तो उन्हात वाढतो, म्हणून सांध्यात थोडी फट सोडत. किलोमीटरभरात असे सत्तरहून अधिक सांधे आणि दर सांध्यावर प्रत्येक चाकाचा घाव!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. विजेच्या गाडीला धूर नव्हता. फट मात्र राहिली. खरे तर उपाय सापडलेला होता. १८९९मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात ट्रामचे रूळ थर्मिटने, म्हणजे वितळलेले लोखंड सांध्यात ओतून, जोडले होते. पुढे आपल्याकडेही रूळ असेच सलग झाले. आता त्यांचे वाढणे आवरून धरतात ते जड स्लीपर आणि खडी. खडी सैल झाली, तर उन्हाळ्यात रूळ वाकतो.

ती निगा राखायची शेवटच्या लोकलनंतर, पहिल्या लोकलआधी. झोपमोडीची तक्रार मीही केली आहे. त्या अर्जात गँगमनचा उल्लेख नव्हता. त्याचे कान यंत्रापासून हातभर अंतरावर होते.