लिंबू, साखर आणि नंदुरबारचे हार-कंगण

#थ्रेड

१/ केकवर ओतला जाणारा लिंबू-साखरेचा पांढुरका लेप, ज्याला बेकरीवाले ‘ग्लेझ’ म्हणतात, ही बहुधा सर्वांत सोपी पाककृती असावी. 120 ग्रॅम पिठीसाखर चाळून घ्यावी, त्यात दीड ते दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडाथोडा घालून घोटावे आणि चमच्यावरून जाडसर धार पडू लागली की थांबावे. केक पूर्ण निवल्यावरच लेप ओतावा, एरवी तो वितळून आत मुरतो. विस्तवाची गरजच नाही. या दोन जिनसांचा माग काढत गेल्यास मात्र वाट सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारला येऊन पोचते.

२/ आरंभ शब्दांपासून करू. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाली, आणि युरोपात ‘शुगर’ म्हणून पोचली. ‘खंड’ अरबांकडे ‘कंद’ झाला आणि त्याचीच पुढे ‘कँडी’ झाली. इंग्रजी ‘लेमन’ आणि आपले ‘लिंबू’ हेही एकाच कुळातले. मध्ये फारसी-अरबी ‘लीमू’, ‘लैमून’ उभे आहेत. (आपले कागदी लिंबू इंग्रजांच्या हिशेबी ‘लेमन’ नव्हे, ‘लाइम’ आहे. त्यामुळे विलायती कृतीतले प्रमाण इथे जरा जास्त आंबट लागते.)

३/ नावांचा प्रवास म्हणजे तंत्राचाही प्रवास. उसाच्या रसातून कोरडी, दाणेदार साखर काढण्याची विद्या भारतीय उपखंडात सिद्ध झाली. इ.स. 647 मध्ये चीनच्या तांग सम्राट ताइत्सुंगने ही विद्या शिकून येण्यासाठी मगधात माणसे पाठवल्याची नोंद चिनी साधनांत आहे. म्हणजे ज्याला आपण ‘विलायती लेप’ म्हणतो, त्यातला मुख्य जिन्नस इथूनच बाहेर गेलेला आहे.

४/ केकवरचा लेप मात्र युरोपचाच. 1769 साली प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ रॅफल्डच्या इंग्रजी पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर देण्याची कृती आहे. साखर तेव्हा महाग होती. पांढराशुभ्र थर म्हणजे यजमानाच्या ऐपतीची जाहिरात.

५/ आपल्याकडे भट्टीपेक्षा कढई मोठी, म्हणून आपला लेप पाकाचा. बालुशाहीवरची पांढरी झिलई किंवा चिरोट्यांवरचा पाक आठवून पाहा. पाक एकतारी की दोनतारी, हे आजी दोन बोटांत चिकटवून सांगत असे. त्यात ती लिंबाचे चार थेंब पिळायची, ते केवळ चवीसाठी नव्हे. उकळत्या पाकात आम्ल साखरेचे विघटन करते, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटतात, आणि या मिश्रणात स्फटिक सहज जमत नाहीत. म्हणून पाकाची साखर होत नाही. थंड ग्लेझमध्ये हे जवळजवळ घडतच नाही. तिथे लिंबू फक्त चव देते आणि लेप वाळून घट्ट बसतो. जिन्नस तेच, फरक विस्तवाचा.

६/ आता नंदुरबार. होळीच्या आधी काही आठवडे या शहरात साखरेचे हार-कंगण घडवणाऱ्यांची धांदल सुरू होते. इथे सगळा खटाटोप उलट्या दिशेने: पाक गोठलाच पाहिजे, आणि तोही साच्याच्या आकारात. घट्ट पाक लाकडी साच्यांत ओततात, आत आधीच दोरा ताणलेला असतो. निवला की पदकांची माळ अखंड बाहेर येते. गळ्यात हार, हातात कंगण. पश्चिम महाराष्ट्रात पाडव्याला गुढीवर चढते ती साखरगाठ याच घराण्यातली, पण सातपुड्यात तिचा मान होळीचा. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांत ती डाळ्या-फुटाण्यांशेजारी विकायला असते.

७/ ही प्रथा किती जुनी? होळी निश्चितच फार जुनी. परंतु पांढऱ्याशुभ्र साखरेचा दागिना डोंगरातल्या प्रत्येक घरी पोचायला साखर स्वस्त व्हावी लागते, आणि ते आधुनिक काळातच घडले. तेव्हा या रूपातले हार-कंगण ‘अनादी परंपरा’ म्हणून मांडण्याआधी थबकावे, असे माझे मत आहे. परंपरा तरुण असल्याने तिची किंमत कमी होत नाही.

८/ साखर स्वस्त कशी झाली, याचे एक उत्तर शेजारच्या गुजरातीत सापडते. तिथे पांढऱ्या साखरेला आजही ‘मोरस’ म्हणतात. मोरस म्हणजे मॉरिशस. 1834 नंतर त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. त्यांच्या घामाची साखर जहाजाने परत आपल्याच किनाऱ्याला लागत होती.

९/ 1932 च्या संरक्षक जकातीनंतर देशी कारखानदारी वाढली आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. नंदुरबारच्या पश्चिमेला, दक्षिण गुजरातेत, 1950 च्या दशकात बारडोलीचा कारखाना उभा राहिला. ऊसतोडीला माणसे आली ती प्रामुख्याने खानदेशातून. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात हे स्थलांतर जवळून अभ्यासले: मुकादमाने दिलेली उचल, दोन-तीन माणसांचा एक ‘कोयता’, शेताच्या कडेला पाल. स्थानिक भूमिहीन हळपती कामाविना असताना कारखाने परगावची माणसे का आणतात, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. परक्या मुलखात, उचलीच्या ओझ्याखाली असलेला मजूर दबून राहतो, हे त्याचे थोडक्यात उत्तर. तेव्हा हा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी.

१०/ स्थलांतर आजही थांबलेले नाही. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आसपास गुजरातची वाट धरतात. गळीत हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो, पण होळीला जमेल तो गाव गाठतोच. येताना भोंगऱ्या बाजारात थांबून मुलांसाठी हार-कंगण घेतो. ती साखर कोणत्या फडातल्या उसाची, हे बाजारात कोणी विचारत नाही. घरी पोचेपर्यंत मुलाने हारातले एखादे पदक चाखलेले असते.