अविवाहित आईचे मूल आणि कायद्याची वेस

लग्नाविना झालेले मूल कोणाचे? मनुस्मृतीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. नवव्या अध्यायात अशा मुलाला 'कानीन' म्हटले असून, त्या मुलीशी पुढे जो लग्न करील त्याचा तो पुत्र मानला आहे. नऊ महिने वाहिले तिने, मालक मात्र भलताच पुरुष! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्यातलाच हा न्याय.

या न्यायाला पहिले कृतीने उत्तर दिले फुले दांपत्याने. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. लग्नाबाहेर दिवस गेलेल्या विधवांना तिथे बाळंतपणाची सोय होती. तिथल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. बापाच्या नावाची चौकशी न करता मूल जगवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

कायदा मात्र फार मागे राहिला. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे. त्याचे कलम ६ वाचा. विवाहितेच्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, नंतर आई. अविवाहितेच्या मुलाची मात्र आधी आई, नंतर बाप. हा स्त्रीचा सन्मान आहे काय? आमच्या मते नाही. जिथे घराण्याचे नाव चालवायचे आहे तिथे बाप पुढे, आणि जिथे बदनामी आहे तिथे आई पुढे!

तरीही हा हक्क आहे आणि तो वापरला पाहिजे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या खटल्यात ठरवले की, पालकत्वासाठी अर्ज करताना बापाचे नाव सांगण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. त्याआधी कनिष्ठ न्यायालय आणि दिल्ली उच्च न्यायालय, दोघांनीही तिला परत पाठवले होते.

पण खरी अडचण येते ती मूल घेऊन गाव सोडताना. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम २६ सांगते की, न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये. म्हणजे कागद मिळवण्यासाठी जी न्यायालयात गेली, तीच जिल्ह्याला बांधली गेली! आमच्या आयाबहिणी ऊसतोडीला, वीटभट्टीला, शहरातल्या धुण्याभांड्याला जातात. हद्द ओलांडली नाही तर चूल पेटत नाही. गावगाड्याची वेस ओलांडणे हीच ज्यांची मुक्ती, त्यांच्या पायात ही नवी वेस कशासाठी?

कोणी विचारील, मग बापाला हक्कच नाही काय? आहे. तो मुलाच्या ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात त्याचे म्हणणे ऐकले जाते. पण कसोटी एकच, मुलाचे हित. ज्याने मूल वाढवले, शाळेत घातले, आजारपणात उशाशी बसला, त्या बापाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. ज्याने कधी तोंड दाखवले नाही आणि आई परगावी निघताच ज्याला बापपण आठवले, त्याचे वजन तेवढेच कसे धरायचे?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पालकत्वाचा अर्ज करतानाच हद्दीबाहेर नेण्याची सर्वसाधारण परवानगीही मागा. कलम २६ मध्येच तशी तरतूद आहे. वकील विसरला तर त्याला आठवण करून द्या. भारतात कुठेही जाण्या-राहण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९ ने दिले आहे. कडेवर मूल आहे म्हणून ते कमी होत नाही.

जयभीम!