माघारी आलेला शिपाई आणि तालुक्याची कचेरी

पलटणीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या शिपायाचा सरकाराशी असलेला संबंध छावणीच्या दरवाजाशी तुटतो असे वाटले, तरी वस्तुतः तो तेथून तालुक्याच्या कचेरीत जाऊन पोहोचतो. आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य, त्याच्या विधवेचे वैधव्य आणि त्याच्या मुलांचे पोरकेपण ही सर्व त्या कचेरीतील दप्तरांवर अवलंबून राहतात. आपल्याकडे लढायांचे इतिहास विपुल लिहिले गेले, पलटणींच्या पराक्रमाचे पोवाडे झाले, हुतात्म्यांची नावे संगमरवरावर कोरली गेली. परंतु लढून जिवंत परत आलेल्या माणसाला त्याच्या गावाने, त्याच्या तालुक्याने आणि जिल्ह्याने कसे सांभाळले, विशेषतः महामारीसारख्या सर्वनाशाच्या प्रसंगी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, हा प्रश्न इतिहासाच्या समासातच राहिला. तो तेथून उचलून मध्यभागी आणावा, अशी माझी इच्छा आहे.

लढणाऱ्याच्या कुटुंबाचा भार राज्याने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकवलेली नाही. प्रतापगडच्या युद्धानंतर जे लोक कामी आले त्यांच्या मुलांना चाकरीत घ्यावे, ज्यांना पुत्र नाहीत त्यांच्या बायकांना निमे वेतन चालवावे, आणि जखमींना जखम पाहून होन द्यावेत, अशी शिवछत्रपतींनी केलेली व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नमूद केली आहे. पेशवाईच्या कागदांत बालपरवेशी या नावाने चालणाऱ्या नेमणुका आढळतात, त्याही रणात पडलेल्या माणसाच्या लेकरांच्या पोषणासाठीच होत्या. या व्यवस्थेचा विशेष असा की, तिचा कारभार सनदेवर चाले. आणि सनद दाखवायची ती गावच्या पाटलाला, कुलकर्ण्याला आणि महालाच्या कमाविसदाराला. राजाची कृपा हुजुरातून निघत असली, तरी ती घरी पोचवणारा हात स्थानिक अंमलदाराचाच असे.

कंपनी सरकार आणि त्यानंतर राणीचे सरकार यांच्या अमदानीत सनदेची जागा पेन्शनच्या कागदाने घेतली. कोकणात दापोलीचा कँप हे अशा पेन्शनरांचे मोठे वसतिस्थान होते. तेथे राहणाऱ्या निवृत्त महार शिपायांमध्ये लिहिण्यावाचण्याची आस्था, स्वाभिमान आणि सार्वजनिक प्रश्नांची जाण इतरांहून अधिक होती, कारण पलटणीतील शाळेने त्यांना अक्षर दिले होते आणि शिस्तीने ताठ मान दिली होती. १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. अनार्य दोष परिहार मंडळी या संस्थेच्या द्वारे अस्पृश्यतेच्या विरुद्ध आवाज उठवणाऱ्या या वृद्ध सैनिकाची १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी त्याच्या शेजारी बसण्याचे नाकारले. सरकारासाठी बंदूक उचललेला माणूस तालुक्याच्या बोर्डात खुर्चीवर बसू लागताच त्याची पलटण, त्याचा हुद्दा आणि त्याची चाकरी सारे विसरले गेले. लोकल बोर्ड नावाच्या संस्थेकडून निवृत्त सैनिकाला काय मिळाले याचा हिशेब मांडताना ही नोंद आरंभीच केली पाहिजे. कारण आपत्तीच्या काळी मदत कोणाच्या दारापर्यंत पोचते आणि कोणाच्या वस्तीच्या सीमेवरून परत फिरते, याचे उत्तर अशाच प्रसंगांतून मिळते.

ही लोकल बोर्डे १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात नव्या स्वरूपात उभी राहिली. रस्ते, प्राथमिक शाळा, धर्मशाळा, विहिरी, देवी टोचणे आणि दवाखाने ही कामे त्यांच्याकडे होती, आणि त्यांचे मुख्य उत्पन्न म्हणजे जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा या दराने बसवलेला लोकल फंड. पाऊस पडला, पीक आले, सारा वसूल झाला, तर दवाखान्यात औषध. पाऊस गेला आणि साऱ्याला तहकुबी मिळाली, तर ज्या वर्षी औषधाची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षी फंड आटलेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला आणि पुढल्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या कायद्याने अंमलदारांच्या हाती घरे तपासण्याचा आणि माणसे अलग ठेवण्याचा अधिकार अपरंपार दिला, परंतु बोर्डांच्या तिजोरीत एक पैची भर घातली नाही.

अशा स्थितीत १९१४ चे महायुद्ध आले. सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूर या मुलुखांतून मराठा पलटणींसाठी जवान भरती होऊ लागले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या ठाण्याने शरणागती पत्करल्यावर त्यांतील जवान तुर्कांचे कैदी झाले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जण या युद्धात कामी आले. त्या गावाच्या नावामागे कंसातला मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटला, तो याच परंपरेमुळे. महार जवानांची भरती कित्येक वर्षे बंद ठेवणाऱ्या सरकारला १९१७ मध्ये त्या जवानांची पुन्हा गरज भासली आणि १११ वी महार पलटण उभारण्यात आली.

युद्धाने गावांतून केवळ जवानच नेले नाहीत, डॉक्टरही नेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी मोठ्या संख्येने आघाडीवर गेल्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालये दुय्यम दर्जाच्या, आधीच कामाने वाकलेल्या वैद्यकीय नोकरांच्या भरवशावर राहिली. ज्या मुलखाने लढण्यास माणसे दिली, त्याच मुलखाच्या उशाशी नाडी पाहणारा हात उरला नाही. आणि नेमक्या त्याच घडीला, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबईच्या गोदीमार्गे इन्फ्लुएंझा आत शिरला. सैन्याची वाहतूक करणारी जहाजे हे त्याच्या आगमनाचे साधन होते, असा तेव्हापासूनचा समज आहे, आणि तो निराधार नाही. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात उठलेली दुसरी लाट मात्र प्रलयासारखी आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. आगगाडीच्या वाटेने ती दख्खनच्या पठारावर चढली, आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिलेला असल्यामुळे अन्नाविना क्षीण झालेल्या देहांवर तिने घाला घातला. लोकांनी तिला मानमोडी म्हटले.

शहरांतून काही व्यवस्था झाली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून औषधे वाटीत हिंडले. खेड्यांतून मात्र तालुक्याच्या गावी असलेला लोकल फंडाचा एखादा दवाखाना, फार तर औषधांच्या पुड्या घेऊन फिरणारा एखादा नोकर, आणि याउपर गावचा वैद्य आणि देवाचा अंगारा, एवढेच बळ होते. रजेवर आलेला शिपाई, जखमी होऊन घरी पाठवलेला नाईक, जुना पेन्शनर हवालदार यांच्यासाठी निराळे असे काही नव्हते. सर्व रयतेच्या वाट्याला जे आले तेच त्यांच्या वाट्याला आले.

परंतु निवृत्त सैनिकाच्या बाबतीत या महामारीने एक निराळा, अदृश्य आणि दीर्घकाळ टिकणारा अपाय केला, आणि तो मला मृत्यूइतकाच गंभीर वाटतो. पेन्शन असो, मृत सैनिकाच्या कुटुंबाची नेमणूक असो, वा बाकी राहिलेला पगार असो, प्रत्येक मागणीस गावचा दाखला लागे: अमुक माणूस हयात आहे, अमुक स्त्री त्याची विवाहित पत्नी आहे, अमुक मुलगा त्याचा वारस आहे. हे दाखले देणारे पाटील-कुलकर्णी, आणि जन्ममृत्यूचे बुक ठेवणारेही तेच. मानमोडीने जेव्हा घरेच्या घरे निजवली, तेव्हा बुक लिहिणारेही निजले. कित्येक गावांत नोंदीच थांबल्या. हिंदुस्थानातील मृतांचा सरकारी अंदाज आरंभी ६० लाखांच्या आसपास होता, तो १९२१ च्या जनगणनेनंतर १ कोटी २० लाखांवर गेला आणि पुढील अभ्यासकांनी तो आणखी वाढवला, यावरून नोंदीबाहेर किती माणसे मेली याची कल्पना यावी. या आकड्यांतील तफावत एखाद्या सैनिकाच्या घरी नेली, म्हणजे तिचा अर्थ कळतो. नोंद नसलेल्या मृत्यूला वारस सिद्ध करता येत नाही, आणि वारसाविना मागणी दप्तरात पडून राहते.

त्यात या रोगाची आणखी एक क्रूर रीत होती. इतर साथी लहान मुलांना आणि वृद्धांना नेतात. हिने वीस ते चाळीस वर्षांची माणसे वेचून नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांहून स्त्रिया अधिक मेल्या. घरात पाणी भरणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी, स्वतः शेवटी आणि उरलेले जेवणारी स्त्री आधी गेली. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले तेव्हा जवान अजून दूरदेशी होते. ते टप्प्याटप्प्याने परतले, तेव्हा ज्या बायकांच्या नावे त्यांनी मनीऑर्डरी केल्या होत्या त्यांतील कित्येक उरल्या नव्हत्या. अडीच वर्षे तुर्कांच्या कैदेत जगून राहिलेल्या माणसाला आपल्या घरी हे पाहावे लागावे, याहून दारुण असे त्या युद्धात काय होते ते मला ठाऊक नाही.

सरकारला सैनिकांच्या हिताची चिंता युद्धाच्या काळातच वाटू लागली होती. भरती चालू राहण्यासाठी घरच्यांची तक्रार ऐकणे आवश्यक होते, आणि त्याच गरजेतून सोल्जर्स बोर्ड या संस्थेचा जन्म झाला. जिल्ह्याच्या शाखेचे अध्यक्षपद कलेक्टराकडे गेले. ही योजना शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. कारण शिपायाची अडचण बहुधा जमिनीच्या फेरफाराची, तगाईची, भाऊबंदकीची किंवा अडलेल्या पेन्शनची असे, आणि या सर्वांच्या किल्ल्या महसूल खात्याकडेच होत्या. अपंग झालेल्या जवानांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी यांच्या नावाची शाळा पुढे खडकीस गेली आणि अद्याप तेथे नांदते आहे. मात्र १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि तिचे जवान ज्या गावांत परतले, तेथे पाणवठ्यावरची बंदी जशीच्या तशी होती.

स्वातंत्र्यानंतर बोर्डाची नावे बदलली. १९७५ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती संस्थेस केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणू लागले, आणि महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाची जिल्हा कार्यालये निवृत्त अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालू लागली. कल्याण संघटक तालुक्यांतून फिरतो, विधवांचे अर्ज लिहून घेतो, मुलांना वसतिगृहात प्रवेश मिळवून देतो. आणि जिल्हा सैनिक बोर्डाचा अध्यक्ष आजही जिल्हाधिकारीच असतो.

करोनाच्या वेळी या सर्व यंत्रणेची पुन्हा परीक्षा झाली. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने जो कायदा लागू केला, तो प्लेगच्या वेळचाच, १८९७ चा. जिल्हाबंदीमुळे तालुक्यांचे दौरे खुंटले आणि २००३ पासून चालत आलेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेचे दवाखाने गाठणे खेड्यातील वृद्धांना दुष्कर झाले. तेव्हा बाहेरून औषध विकत घेऊन त्याचा खर्च मागून मिळण्याची मुभा द्यावी लागली. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात देण्याचा दंडक शिथिल करून मुदत लांबवावी लागली, आणि हे योग्यच झाले. वृद्ध माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी गर्दीत उभे राहून जीव गमवावा, यासारखा दुसरा अनर्थ नाही. त्याच वर्षी माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय राज्याने घेतला. घरपट्टी ग्रामपंचायत आणि नगरपालिका वसूल करतात. म्हणजे राज्याने शब्द दिला आणि तो पाळण्याचे काम पुन्हा गावाच्या दप्तराकडे आले. अर्ज, पुरावा आणि जिल्हा कार्यालयाचा दाखला ही साखळी येथेही चुकलेली नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९१८ मध्ये युद्धाने जिल्ह्यांतील डॉक्टर पलटणींकडे नेले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, नुकतेच निवृत्त झालेले लष्करी डॉक्टर आपापल्या निवासाजवळच्या करोना रुग्णालयांत सेवेसाठी परत बोलावण्यात आले. जे पेन्शनर म्हणून कचेरीत येत, त्यांच्यापैकीच काहींच्या हाती आता नागरिकांची नाडी आली.