झारचा मुसलमान सेनापती

‘निष्ठा सिद्ध करा’ हा सवाल मुसलमानांना नवा नाही. तो कानावर आला की मला रशियाच्या झारचे एक सेनापती आठवतात, हुसेन खान नखचिवान्स्की.

त्यांचा जन्म 1863 चा. आजोबा एहसान खान हे नखचिवानचे राज्यकर्ते. 1828 च्या तुर्कमानचाय तहाने हा मुलूख इराणकडून रशियाकडे गेला आणि घराण्यातली मुलं झारच्या फौजेत अधिकारी झाली. हुसेन खान जपानशी झालेल्या युद्धात दागिस्तानी घोडेस्वारांच्या रेजिमेंटचे प्रमुख होते. 1914 मध्ये पूर्व प्रशियात त्यांनी घोडदळाचं नेतृत्व केलं. 1915 मध्ये ते झारचे अॅडज्युटंट जनरल झाले. हा मान मिळालेले ते एकमेव मुसलमान.

मार्च 1917 मध्ये क्रांती झाली. आघाड्यांवरच्या सेनापतींनी झारला गादी सोडायला सांगितलं. खानांच्या नावाने मात्र मुख्यालयात तार पोहोचली : गार्ड घोडदळ सम्राटासाठी मरायला तयार आहे. ती त्यांनी पाठवली की त्यांच्या चीफ ऑफ स्टाफने, यावर इतिहासकारांत वाद आहे. पुढे बोल्शेविकांनी त्यांना पेत्रोग्रादच्या तुरुंगात टाकलं. तिथून ते परतले नाहीत.

त्यांची निष्ठा मला खोटी वाटत नाही. पण 1916 मध्ये सक्तीच्या मजुरीविरुद्ध उठलेल्या मध्य आशियातल्या मुसलमानांना याच झारच्या फौजेने चिरडलं होतं. दरबारात एका खानाला मान मिळाला, म्हणून रयतेला न्याय मिळाला असं होत नाही. निष्ठा मागणाऱ्या राज्याला हा हिशेबही विचारायला हवा.