कायद्याच्या आरशातले बंड



जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, हे आपण जाणता. त्या गुलामांनी स्वतः काय केले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना तोच प्रश्न अधिक जवळचा वाटतो.

अडचण अशी की, गुलामांच्या हाती लेखणी नव्हती. दप्तर सारे मालकांचे. पण त्या दप्तरातच एक साक्षीदार बसलेला आहे, तो म्हणजे कायदा. जी गोष्ट कोणी करीतच नाही, तिला बंदी घालण्याचे कारण पडत नाही.

१६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत वीसएक आफ्रिकी माणसे अन्नसामग्रीच्या मोबदल्यात उतरवून घेण्यात आली. तंबाखूच्या मळ्यांत त्या काळी बहुतेक मजूर गोरेच होते. इंग्लंडातली गरीब माणसे जहाजाच्या भाड्यापायी काही वर्षांच्या कराराने स्वतःस बांधून घेत. काळे-गोरे एकाच शेतात राबत आणि पळूनही बरोबरच जात. १६४० साली असे तिघे नोकर पकडले गेले. फटक्यांची शिक्षा तिघांनाही झाली. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा, जॉन पंच, आफ्रिकी होता, त्याला जन्मभराची चाकरी लागली. गुन्हा एक, शिक्षा दोन!

पुढे कायद्याने गाठी घट्ट केल्या. १६६२ मध्ये ठरले की मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे गुलाम बाईच्या पोटचे पोर जन्मतःच गुलाम. १६६७ मध्ये ठरले की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामी सुटत नाही. १६६९ मध्ये तर, शिक्षा करताना गुलाम मेला तरी तो खून नव्हे, असे ठरले. कारण स्वतःची मालमत्ता कोणी जाणूनबुजून नासत नाही!

१६७६ साली नथॅनिएल बेकनने गव्हर्नरविरुद्ध बंड केले. बेकन काही गरिबांचा कैवारी नव्हता. तो स्वतः मळेवाला, आणि बंडाचा आरंभ तिथल्या मूळ रहिवाशांवरील हल्ल्यांपासून झाला. पण आपल्या बाजूने लढणाऱ्या नोकरांना व गुलामांना त्याने मुक्ततेचे वचन दिले. राजधानी जेम्सटाउन जळाली. बेकन आमांशाने मेला, इतर शरण गेले, तेव्हाही हत्यार खाली न ठेवणाऱ्यांत सुमारे ऐंशी काळे आणि वीस इंग्रज होते. एकत्र!

मळेवाल्यांना धडकी भरली असेल ती या एकत्र उभ्या राहण्याने, असे आम्हांस वाटते. १७०५ चा व्हर्जिनियाचा कायदा पाहा. मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला त्याने मका, तीस शिलिंग आणि बंदूक देवविली; गुलामांची गुरे, घोडे, डुकरे मात्र जप्त करून गोऱ्या गरिबांसाठी विकावयास लावली. गोऱ्या गरिबाच्या पदरात पडले थोडेच; पण तेवढ्यावर तो मालकाचा पहारेकरी झाला.

म्हणून पुढच्या बंडात गुलाम एकटे पडले. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ वीसएक गुलामांनी दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि ढोल वाजवीत ते दक्षिणेकडे निघाले. तिकडे स्पॅनिश फ्लॉरिडात पळून येणाऱ्यांना स्वातंत्र्याचे आश्वासन होते. वाटेत माणसे मिळत गेली. वीसहून अधिक गोरे मारले गेले. दुपारी शिबंदीने गाठले आणि त्याहून अधिक गुलाम प्राणास मुकले.

१७४० च्या कायद्याने ढोल बाळगण्यास, गुलामांना लिहावयास शिकविण्यास आणि त्यांच्या जमण्यास मनाई केली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: गुलामाकडून उन्हाळ्याच्या सहामाहीत दिवसाला पंधरा तास आणि हिवाळ्यात चौदा तास, याहून अधिक काम घेणाऱ्या मालकाला दंड! पंधरा तासांची मर्यादा घालावी लागली, यावरून त्याआधी काय चालत असेल ते ओळखावे. आणि ही सवलत बंडानंतर आली, हेही ध्यानी धरावे.

स्टोनोचे लोक फ्लॉरिडाला पोचले नाहीत. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने बंद व्हावयास १८६५ साल उजाडले. आमच्या चळवळीने यातून घ्यावयाचे ते १७०५ च्या कायद्यातून: शेजारच्या मजुराहून आपल्याला चार पैसे अधिक कोण देतो आणि कशासाठी देतो, हे कामगाराने नेहमी विचारावे.